क्रोशाचे पॅटर्न लिहिणं हा माझा धंदा, आणि आजीच्या लेसच्या कोपऱ्यात मी अडकलेय

उसवणारी | मंगळवार, रात्री 10:40

इथे आठ वर्षं वाचनमात्र काढली, आज पहिल्यांदा धागा काढतेय. कारण स्वार्थी आहे, ते शेवटी सांगते.

मी क्रोशाचे पॅटर्न तयार करते आणि विकते. वस्तू विकत नाही, वस्तू कशी विणायची ते लिहून विकते. हे मी सासूबाईंना, बँकेतल्या साहेबांना आणि सोसायटीच्या वॉचमनला वेगवेगळ्या शब्दांत समजावून पाहिलंय. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फॉर्मवर 'गृहिणी' लिहिलं. सासूबाई मात्र आता आल्यागेल्याला सांगतात, "ती पाककृती लिहिते, पण दोऱ्याच्या." याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

आधी अकरा वर्षं हिशेबाच्या नोकरीत होते. आकड्यांचा कंटाळा आला म्हणून सुई धरली असं लोकांना वाटतं. झालं उलटच. एक कुर्ती सात मापांत लिहायची तर नोकरीत होत्या त्याहून मोठ्या एक्सेल शीट कराव्या लागतात. छाती चार इंचांनी वाढली म्हणून खांदा चार इंचांनी वाढत नाही, आणि मुंढ्याचा हिशेब तर तिसराच. त्यात प्रत्येक मापाला टाक्यांची संख्या नक्षीच्या पटीत बसली पाहिजे. नक्षी 8 टाक्यांची असेल तर 83 टाके चालत नाहीत, 80 किंवा 88. मग ते तीन टाके कुठे खपवायचे, यात माझी दुपार जाते.

सकाळ नमुन्याचा चौकोन विणण्यात जाते. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर. तो धुवायचा, टाचण्या लावून वाळवायचा आणि मगच मोजायचा. धुवायच्या आधीचं माप खोटं असतं. सुती दोरा पाण्यातून निघाला की वेगळाच वागतो. असे दोनेकशे चौकोन माझ्या कपाटात आहेत. मुलगा लहान होता तेव्हा त्यांवर गाड्या पार्क करायचा.

'उसवणारी' हा आयडी का, तर जेवढं विणते त्यातलं निम्मं उसवते. हात चुकतो म्हणून नाही, डोक्यात बसलेलं हातात उतरत नाही म्हणून. उसवण्यालाही मर्यादा आहे बरं का. मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमक आणलेला) दोरा तीनदा उसवला की पिसतो, चमक जाते, आणि फोटोत ते दिसतंच. त्यामुळे चौथ्या वेळी नवीन गुंडा काढावा लागतो. तो खर्च कुठे धरायचा, हे हिशेबाच्या नोकरीतही कुणी शिकवलं नव्हतं.

आता मुद्दा. आजी वाईची. तिची स्टीलची 12 नंबरची सुई माझ्याकडे आहे. अंगठा जिथे टेकतो तिथला चपटा भाग इतका झिजलाय की माझा अंगठा तिथे ठरत नाही, घसरतो. आजीनं आयुष्यात एकही पॅटर्न लिहिला नाही. तिला लिहिता येत होतं, पण विणकाम लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं. लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला कुणाच्या रुमालाची, कुणाच्या तोरणाची लेस आवडली की शेजारी बसून डोळ्यांनी उचलायची आणि घरी येऊन वीतभर पट्टी विणून ठेवायची. जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर टाचलेल्या अशा 23 पट्ट्या आहेत. तीच तिची वही.

त्या सगळ्या मराठीत लिहून काढायच्या, शेजारी आकृत्या द्यायच्या, असं दोन वर्षांपूर्वी ठरवलं. 22 झाल्या. तेविसावी बसत नाही.

रुंदी 3 सें.मी. ही पट्टी लांबीत नव्हे, रुंदीत विणलेली आहे. म्हणजे दर ओळीला इकडून तिकडे जायचं आणि परत यायचं. एका बाजूला जाळीची दोन घरं, दुसऱ्या बाजूला कंगोरा. वीतभर सरळ गेल्यावर ती कोपरा वळते, आणि नेमका तिथे दोरा झुरळानं खाल्ल्यासारखा आहे. आतल्या बाजूची जाळी दिसतच नाही. कोपऱ्यात दोन कंगोरे घातले तर वाटीसारखा उठतो. पाच घातले तर झालर. तीन घातले की बाहेरून अगदी पसरून बसतो, पण आतल्या बाजूला सगळ्या ओळी एकाच भोकात टोचल्यामुळे चण्याएवढी गाठ होते. आजीच्या तुकड्यात गाठ नाही. कुणाला काही सुचतंय का?

---

नवखी | मंगळवार, रात्री 11:05

कसला भारी धागा! वाचनखूण साठवली.

कोपऱ्याचं मला काही कळत नाही, पण माझाही एक कोपरा आहे. तीन महिन्यांपासून शिकतेय. गोल टोपी करायला घेतली की तिची एकतर करवंटी होते नाहीतर फ्रिल. व्हिडिओत सगळ्या सांगतात, "आता इथे वाढवायचं." किती वाढवायचं आणि का, ते कुणी सांगत नाही.

---

उसवणारी | बुधवार, सकाळी 7:15

नवखी, मुका खांब (बुटका टाका) करत असशील तर सुरुवातीच्या गोलात 6 घे आणि दर फेरीला 6 वाढव. 6, 12, 18, 24. साधा खांब (उंच टाका) असेल तर 12 नं सुरुवात आणि दर फेरीला 12. याहून कमी वाढवलंस की करवंटी, जास्त वाढवलंस की फ्रिल. टोपीला आधी चपटी चकती हवी. ती डोक्याच्या माथ्याएवढी झाली की वाढवणं बंद करायचं, मग भिंत आपोआप खाली उतरते.

आणखी एक. वाढवलेले टाके दर फेरीला एकावर एक आले की गोलाचा षट्कोन होतो. एका फेरीत सुरुवातीला वाढव, पुढच्या फेरीत मधे. कोपरे विरघळतात.

---

गणितमास्तर | बुधवार, सकाळी 9:30

विणकामातलं मला शून्य कळतं, पण या 6 नं पकडलं. मुक्या खांबाची उंची साधारण रुंदीएवढीच असणार. बरोबर का? मग त्रिज्या एका टाक्यानं वाढली की परीघ 2π टाक्यांनी वाढायला हवा, म्हणजे सहा आणि थोडं. तुम्ही 6 घेता, उरलेलं दोऱ्याचं लवचीकपण भरून काढतं. आणि खांबाची उंची रुंदीच्या दुप्पट, म्हणून 12. शाळेत मी हे दोरी आणि खिळ्यानं शिकवायचो. सुईनं शिकवायला हवं होतं.

फ्रिलला नावं ठेवू नका. मूळच्या लात्व्हियाच्या आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 साली मुद्दाम फ्रिल विणली. दर ठरावीक टाक्यांमागे एक वाढवत गेल्या आणि हायपरबोलिक पृष्ठ (जे जागोजागी खोगिरासारखं वळतं ते) हातात धरता येईल असं तयार झालं. त्याआधी त्याची कागदी प्रारूपं होती, ती लगेच फाटायची. पुढे 2005 मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन व्हर्टहाइम या जुळ्या बहिणींनी त्याच फ्रिलमधून लॉस एंजेलिसला क्रोशाचं प्रवाळबेट सुरू केलं. प्रवाळ, समुद्री गोगलगायी, लेट्युसची पानं, सगळे हीच फ्रिल करतात.

आता तुमचा कोपरा. पट्टी 3 सें.मी. रुंद. आतली कड एका बिंदूवर थांबते, बाहेरची पाव वर्तुळ फिरते. पाव परीघ = π × 3 ÷ 2 = 4.71 सें.मी. एक कंगोरा किती लांब?

---

उसवणारी | बुधवार, सकाळी 9:52

दीड सें.मी.

---

गणितमास्तर | बुधवार, सकाळी 9:58

4.71 भागिले 1.5 = 3.14.

मी जरा खुर्चीवरून उठून आलो. कंगोरा रुंदीच्या बरोबर निम्मा असल्यामुळे उत्तर π च येणार, हे कागदावर कळतं, तरी पण. तुमच्या आजींच्या कोपऱ्यात π आहे. तेव्हा तीनच कंगोरे बरोबर. गाठीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही, माझ्या बिंदूला जाडी नसते.

---

तिरसट_तात्या | बुधवार, दुपारी 1:20

सगळं कौतुकास्पद. पण मला एक सांगा, रस्त्यावर क्रोशाचा टॉप तीनशे रुपयांत मिळतो. तुम्ही नुसता कागद साडेतीनशेला विकता. घेतं कोण? बायकांनी फावल्या वेळात करायच्या छान गोष्टी आहेत या, त्याला 'डिझायनर' वगैरे कशाला? (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

---

उसवणारी | बुधवार, दुपारी 2:45

दिवा घेतला, तात्या. आता त्याच्या उजेडात तो तीनशेचा टॉप बघू.

उलटा करून बघा. बहुतेक वेळा तो क्रोशा नसतोच, मशीनवर विणलेली जाळी असते. कारखान्यात 'क्रोशे मशीन' म्हणून एक यंत्र असतंही, पण ते ताण्यातल्या धाग्यांच्या साखळ्या एकमेकींत अडकवतं. कापड क्रोशासारखं दिसतं, टाका तो नसतो. खऱ्या क्रोशात प्रत्येक टाका पुरा करूनच पुढच्यात शिरायचं, आणि तेही जुन्या विणीतल्या कुठल्याही भोकात. हे करणारं यंत्र बाजारात आलेलं नाही. म्हणून टॉप उलटा केल्यावर खरंच क्रोशा निघाला, तर तो कुणीतरी हातानं विणलाय. तीनशे रुपयांत दोरा, दुकानदार, वाहतूक सगळं वजा करा आणि विणणारीच्या हातात काय उरलं ते मला सांगा.

'फावल्या वेळात' या शब्दाचीही एक गोष्ट आहे. आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर म्हणून गाव आहे. तिथल्या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी लेस शिकवली आणि आजही हजारो बायका घरी बसून क्रोशाची लेस करतात. ती परदेशी जाते. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांचा अभ्यास करून तो 1982 साली प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते हे: बाई दिवसाला सहा-सहा, आठ-आठ तास विणतेय, पण ती स्वतःच म्हणते मी गृहिणी, हे रिकामपणचं काम. आणि रिकामपणचं काम म्हटलं की मजुरी रिकामपणची. पैसा व्यापाऱ्यांकडे, निर्यातदारांकडे.

बँकेच्या फॉर्मवरचा तो शब्द मी खोडून घ्यायला हवा होता. नाही घेतला. मागे रांग होती.

---

तिरसट_तात्या | बुधवार, दुपारी 3:10

मुद्दा पोचला. टॉप उलटा करून बघण्यात आला आहे. (सौ.चा आहे. आता मला घरात दुसरा दिवा घ्यावा लागणार.)

---

डब्लिनकरीण | बुधवार, सायंकाळी 5:30

वर लेसचा विषय निघाला म्हणून. इथे आयर्लंडमध्ये क्रोशा आला तो दुष्काळाच्या तोंडावर. 1845 पासून बटाट्याची पिकं कुजली, माणसं मेली, जहाजांतून देशोधडीला लागली. मोनाहन परगण्यात क्लोन्स नावाचं गाव आहे. तिथल्या धर्मगुरूची बायको कॅसँड्रा हँड हिनं 1847 मध्ये बायकांना क्रोशा शिकवायची सोय केली. व्हेनिसच्या सुईच्या लेसला तेव्हा मोठा भाव होता, पण ती करायला फार वेळ लागायचा. क्रोशानं तसंच दिसणारं काम कितीतरी लवकर व्हायचं. एक बाई नुसते गुलाब करायची, दुसरी पानं, तिसरी सगळं जोडायची. कोणतं फूल कसं करायचं हे घराबाहेर सांगायचं नाही, अशी रीत होती.

क्लोन्सची गाठ म्हणून एक टाका अजून शिकवतात. सुईवर दोरा मागे-पुढे, मागे-पुढे असा गुंडाळत न्यायचा आणि मग सगळ्यातून एकदम ओढायचा. मण्यासारखा दिसतो. मी इथल्या वर्गात शिकले. पहिले वीस मणी भज्यांसारखे आले.

उसवणारी, तुमच्या आजी उघड्यावर बसून डोळ्यांनी नक्षी उचलायच्या आणि इथल्या घराघरांत लपवायच्या, ही गंमत वाटली.

---

पक्का_डोंबिवलीकर | बुधवार, रात्री 9:00

क्रोशा डिझायनरच्या नवऱ्यांचा वेगळा धागा काढावा ही विनंती. आमच्याकडे कुणी बोलायला गेलं की बायको नुसता डावा हात वर करते. त्याचा अर्थ "सत्तेचाळीसवर आहे, बोलू नकोस." एकदा मी त्या हाताखाली उभा राहून घराला आग लागल्यासारखं ओरडलो, तर ती म्हणाली, "एकावन्न. काय झालं?" कुकर झाला होता.

---

नवखी | बुधवार, रात्री 9:25

😂 आमच्याकडेही.

उसवणारीताई, एक शंका. एका पॅटर्नमध्ये 'डबल क्रोशे' लिहिलंय, ते केलं की फोटोपेक्षा माझं विणकाम भलतंच बुटकं होतंय. दुसऱ्या पॅटर्नमध्ये तोच शब्द, तिथे बरोबर येतंय. मी वेडी झालेय का?

---

उसवणारी | बुधवार, रात्री 10:10

वेडी नाहीस. ब्रिटिश आणि अमेरिकन नावं एक पायरी सरकलेली आहेत. अमेरिकेतला सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिशांचा डबल, म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकेतला डबल म्हणजे ब्रिटिशांचा ट्रेबल, म्हणजे आपला खांब. शब्द तेच, टाके वेगळे. तुझा पहिला पॅटर्न अमेरिकन पद्धतीचा असणार, आणि तू त्यात ब्रिटिशांचा डबल विणतेयस. पॅटर्नमध्ये कुठेही 'सिंगल क्रोशे' आढळलं की तो अमेरिकन समज, ब्रिटिश यादीत तो शब्दच नसतो.

यात मी सणसणीत आपटलेय. पहिलाच विकलेला पॅटर्न, बाळाचे मोजे. मी शिकले जुन्या ब्रिटिश मासिकांतून, त्यामुळे बिनधास्त ट्रेबल लिहिलं आणि कुठली पद्धत ते सांगितलंच नाही. अमेरिकेतल्या एका बाईंनी त्यांच्याकडचा ट्रेबल विणला, तो एक पायरी उंच. मोजे पोटरीच्या वर गेले. त्यांनी बाळाचा फोटो पाठवला. भातलावणीला निघाल्यासारखं दिसत होतं. बाई हसत होत्या, मी मात्र रात्रभर झोपले नाही. तेव्हापासून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत पद्धत लिहिते आणि सोबत चिन्हांची आकृती देते. लंबगोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी अक्षरावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब. जपानी पुस्तकं अशा आकृत्यांवरच चालतात. मला जपानीचं एक अक्षर येत नाही, पण त्यांच्या पुस्तकातून मी आख्खी शाल विणलीय.

आता पॅटर्न आधी तपासनीस बाईंकडे जातो (त्या विणत नाहीत, फक्त बेरजा करतात आणि मला रडवतात), मग आठ-दहा जणी वेगवेगळ्या मापांत विणून बघतात. त्यांतली एक नेहमी सूचना न वाचता विणते. तिला मी मुद्दाम ठेवलंय. जिथे ती अडते तिथे माझी भाषा चुकलेली असते.

---

रुखवतवाली | गुरुवार, सकाळी 8:40

वाचतेय, आवडतंय. मला नावांचे रुमाल करायचे आहेत, 'शुभविवाह' आणि नवरानवरीची नावं. चौकोनी जाळीत. इंग्रजी अक्षरांच्या आकृत्या ढिगानं मिळतात, मराठी कुठे मिळतील?

---

उसवणारी | गुरुवार, सकाळी 11:30

अरे वा, हा माझा सगळ्यात लाडका विषय. चहा घेऊन बसा.

जाळीचा एक चौकोन म्हणजे खांब, दोन साखळ्या, खांब. भरलेला हवा तर साखळ्यांच्या जागी दोन खांब. शेजारच्या चौकोनाशी खांब सामाईक असतो, म्हणून 20 चौकोनांना 60 नव्हे, 61 टाके लागतात. या एका खांबानं किती जणींचे रुमाल तिरके गेलेत!

मराठी अक्षरांच्या आकृत्या मी स्वतः चौकटीच्या वहीवर पाडते. देवनागरीचं एक सुख आहे: शिरोरेघ. सगळी ओळ भरीव चौकोनांची, डोळे मिटून. इंग्रजी अक्षरं जाळीत सुटी सुटी तरंगतात, आपली दोरीवर वाळत घातल्यासारखी एका रेघेला लटकतात, त्यामुळे शब्द घट्ट दिसतो. दुःखंही आहेत. वेलांटीला शिरोरेघेच्या वर निदान तीन ओळी हव्यात, उकाराला खाली तीन. म्हणजे अक्षर सात ओळींचं धरलं तर पट्टी तेरा ओळींची, आणि 'मनन'सारखं नाव आलं की वरखाली नुसतं रिकामं मैदान. तिथे मी वर वेल काढते, खाली पाखरं. 'ह' काढताना आजही खोडरबर झिजतं. जोडाक्षर शक्यतो सुटं करा. 'प्रज्ञा' नावाच्या नवरीनं माझे चार दिवस खाल्ले.

आणि वहीवरचा चौकोन चौरस असतो, तुमच्या हातातला बहुधा नसतो. बऱ्याच जणींचा आडवा पसरतो, मग अक्षरं बसकी दिसतात. आधी दहा बाय दहा चौकोन विणून, धुऊन, मोजा. आडवा येत असेल तर दोनऐवजी एकच साखळी घ्या, किंवा एक पायरी उंच खांब घ्या. अक्षर काढायचं ते त्यानंतर.

---

रुखवतवाली | गुरुवार, दुपारी 12:15

दंडवत. नवरीचं नाव 'ऋग्वेदिता' आहे.

---

उसवणारी | गुरुवार, दुपारी 12:18

नवऱ्याचं मोठं काढा, तिचं फक्त 'ऋ'.

---

नवखी | गुरुवार, दुपारी 3:00

थोडं खाजगी विचारते, नको असेल तर सोडून द्या. यात घर चालतं का?

---

उसवणारी | गुरुवार, सायंकाळी 4:20

निम्मं चालतं. महिना महिन्यासारखा नसतो. ऑगस्ट ते डिसेंबर बरे, मे महिन्यात लोकरीचं नाव काढलं तर लोक पंख्याकडे बघतात. म्हणून मी बहुतेक सुती दोऱ्यात काम करते. आपल्या हवेत वर्षभर चालतं.

माझे निम्मे खरेदीदार परदेशी. 2007 साली अमेरिकेतल्या जेसिका आणि केसी फोर्ब्स या जोडप्यानं रॅव्हेलरी ही वेबसाइट सुरू केली. विणणाऱ्यांची ती जागा नसती तर मी अजून व्हाउचर तपासत बसले असते. सगळ्यात जास्त खपतात ती अमिगुरुमी, म्हणजे कापूस भरलेली विणलेली बाहुली-प्राणी. शब्द जपानी: अमु म्हणजे विणणं आणि नुईगुरुमी म्हणजे भरलेली बाहुली, त्यावरून. माझा हत्ती अजून विकला जातो. सोंडेवर अकरा दिवस गेले होते. मुक्या खांबाच्या फेऱ्या न जोडता गोल गोल गेलं की प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा किंचित उजवीकडे सरकते, त्यामुळे सोंडेचं टोक हळूहळू वळायला लागतं. सोंड डोळ्यांखाली येईना, कानाकडे जायची. शेवटी दर काही फेऱ्यांनी एक टाका पुढे जाऊन सुरुवात केली तेव्हा गजराज सरळ झाले.

पॅटर्नची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटांत फिरते तेव्हा मात्र पोटात दुखतं. टाक्यावर कुणाचाच हक्क नसतो, नसावाच. खांब काही माझ्या बापाचा नाही. पण लिहिलेली वाक्यं, आकृती, फोटो माझे. एकदा एका गटातून मलाच माझी पीडीएफ आली, वर "ताई, फार सोपं आहे, करून बघा, फ्री आहे" असं लिहिलेलं. मी करून बघितलं. सोपं होतं खरं.

---

कुंदा_बेळगाव | गुरुवार, रात्री 8:50

आज नातीनं धागा वाचून दाखवला. टाइप तीच करतेय, मी सांगतेय. वय 79. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या.

अगं पोरी, ते झुरळानं खाल्लेलं नाही. तिथे जाळी विणलेलीच नाही.

कोपऱ्याला आल्यावर पुरी ओळ करायचीच नाही. कंगोऱ्याकडून आलीस की आतल्या कडेपर्यंत जायचं नाही, वाटेतनंच उलटायचं. आई त्याला 'अर्ध्यातनं परत' म्हणायची. पहिल्या कंगोऱ्याला जाळीचं एक घर सोडायचं. दुसऱ्याला दोन्ही घरं सोडायची, नुसता कंगोरा करून परत. तिसऱ्याला पुन्हा एक घर सोडायचं. मग पुरी ओळ घ्यायची, आणि घेताना त्या सोडलेल्या पायऱ्यांत टोचत टोचत आत उतरायचं. आत काही नाहीच तर गाठ कशाची होईल? सुयांवर मोज्याची टाच वळवताना दुसरं काय करतो आपण?

तुझ्या आजीच्या तुकड्यात बघ. भिंगातनं बघ. दोरा तुटला असेल तर टोकं दिसतील. नसतील.

मास्तरांना सांग, तीन बरोबर आहेत. आम्ही परकर-पोलक्यात होतो तेव्हापासून तीन.

---

गणितमास्तर | गुरुवार, रात्री 9:05

नमस्कार कुंदाताई. उत्तरपत्रिका तपासून दिल्याबद्दल आभारी आहे. बिंदूवर जाडी गोळा होते म्हणून बिंदूपर्यंत जायचंच नाही, हे मला सुचायला हवं होतं.

---

उसवणारी | गुरुवार, रात्री 11:55

भिंग घेऊन बसले. टोकं नाहीत. एकही नाही. दोरा सलग आहे, आणि कुंदाताई म्हणतात तशा पायऱ्या आहेत: एक घर, दोन घरं, एक घर. दोन वर्षं मी त्या जागेला फाटकी समजून तिथे पांढरा दोरा रफू करायचा विचार करत होते. केला असता तर आजीचं उत्तर मीच शिवून टाकलं असतं.

लगेच विणायला घेतलं. पहिल्यांदा उलटताना साखळ्या तीन घेतल्या, भोक मोठं पडलं, उसवलं. दोन घेतल्या, बसलं. गाठ नाही.

कुंदाताई, पॅटर्नमध्ये 'अर्ध्यातनं परत' हाच शब्द वापरला तर चालेल का? आणि या लेसला तुमच्याकडे काय नाव होतं?

---

कुंदा_बेळगाव | शुक्रवार, सकाळी 7:30

शब्द वापर की, त्याला काय माझी परवानगी! नाव कसलं, लेस म्हणायचो. कंगोऱ्यात खांब किती घेतलेस?

---

उसवणारी | शुक्रवार, सकाळी 7:48

आठ.

---

कुंदा_बेळगाव | शुक्रवार, सकाळी 7:55

आम्ही नऊ घ्यायचो. मधला उंच दिसायला पाहिजे. तुझ्या आजीचे मोज.

---

उसवणारी | शुक्रवार, सकाळी 8:20

नऊ आहेत. सरळ भागातही नऊ. मी सगळीकडे आठ लिहून ठेवलेत.

रात्रीची पट्टी उसवली. नऊची नवी करून, भिजवून, उशीवर टाचण्या लावून ठेवलीय. वाळली की मोजते आणि फोटो टाकते.